कयाक क्लबात कौतुक कसं करावं: नव्यानं जबाबदारी घेतलेल्यांसाठी

सत्कार कसा करायचा हे कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. फेटा, शाल, श्रीफळ, हलगी, चौकात फ्लेक्स. रात्री ठरलं की सकाळी सगळं उभं. 2024 साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा या शहरानं त्याला डोक्यावर घेतलं. खासबाग मैदानात एखाद्या पैलवानानं चांगला डाव टाकला की मातीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांना तो कळतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की पेठेतली म्हातारी माणसंसुद्धा कुणाचा पास चुकला ते सांगतात. बघणारेच जाणकार असल्यामुळं त्यांच्या टाळीला वजन असतं.

कयाकिंग आणि कॅनोइंगचं अजून तसं नाही. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर फिरायला आलेल्या माणसाला होडी पुढं गेलेली दिसते, पण तेवढ्या अंतरासाठी खांदा, कंबर आणि पाय यांचं काय गणित जुळावं लागलं ते त्याला दिसत नाही. घरच्यांनाही बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून आपल्या खेळात ते जाणकारपण क्लबनंच पुरवावं लागतं. सभासदानं नेमकं काय केलं हे ओळखणं, लिहून ठेवणं आणि चारचौघांत त्याच शब्दांत सांगणं, हे सचिवाचं आणि प्रशिक्षकाचं रोजचं काम आहे. शाल-श्रीफळ हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग.

ज्यांच्याकडं हे काम यंदा पहिल्यांदा आलंय त्यांच्यासाठी क्रमानं लिहितो.

आधी सगळ्यांची भाषा एक करा

कार्यकारिणीत निम्मी माणसं खेळाडू नसतात, पालक किंवा हितचिंतक असतात. त्यांना पहिल्याच बैठकीत एवढं सांगा. के म्हणजे कयाक: पाय पुढं सोडून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं दोन्ही बाजूंना मारायचं. सी म्हणजे कॅनू: शर्यतीच्या कॅनूत एक गुडघा टेकून बसायचं आणि एकाच पात्याच्या वल्ह्यानं एकाच बाजूला मारत होडी सरळ ठेवायची. पुढचा आकडा माणसांचा. के-1 मध्ये एक, सी-2 मध्ये दोन, के-4 मध्ये चार. सपाट पाण्यावरच्या स्प्रिंट शर्यतींची मुख्य अंतरं 200, 500 आणि 1000 मीटर. स्लॅलम वाहत्या पाण्यात होतं. दोन टांगलेल्या खांबांचं एक दार, तशा दारांमधून जायचं, खांबाला स्पर्श झाला तर वेळेत 2 सेकंद वाढतात, दार चुकलं तर 50.

हे माहीत नसेल तर "सी-2, 1000 मीटर" हा नुसता कोड वाटतो. माहीत असेल तर 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच प्रकारात मिळवलेलं कांस्य किती मोठं होतं ते उमगतं. दोघं गुडघ्यावर, दोघांचं वल्हं एका लयीत, एक किलोमीटरभर. या खेळात भारताला आशियाई क्रीडा स्पर्धेतलं याआधीचं पदक 1994 साली हिरोशिमात मिळालं होतं.

अंतर एकदाच मोजा, पण नीट मोजा

अंतर पक्कं नसेल तर "पोरगी पाच सेकंदांनी सुधारली" या वाक्याला अर्थ राहत नाही. घड्याळातला जीपीएस सरावाला ठीक आहे, क्लबच्या विक्रमाला नाही. काठ जिथं सरळ आहे तिथं लांब टेपनं 500 मीटर मोजा. सुरुवातीला आणि शेवटाला काठावर दोन-दोन उंच काठ्या रोवा, एक पाण्याजवळ आणि दुसरी तिच्या बरोबर मागं, काठाशी काटकोनात. वेळ घेणाऱ्यानं मागच्या काठीपाशी उभं राहायचं. दोन्ही काठ्या एका रेषेत दिसतात त्या रेषेवर होडीचं टोक आलं की घड्याळ थांबवायचं. पाण्यात बोया (तरंगती खूण) टाकला असला तरी वाऱ्यानं तो सरकतो. काठ्या सरकत नाहीत.

मग पाणी बघा. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. बरगे काढलेले असताना तीच जागा पूर्ण वेगळी असते. रंकाळ्यात प्रवाह नाही, पण वारा आहे, आणि केंदाळ (जलपर्णी) वाढलं असेल तर मार्ग वाकडा करावा लागतो. पाणी उथळ झालं की होडी जड चालते, म्हणून एप्रिल-मेमधल्या वेळा नोव्हेंबरच्या वेळांशी थेट ताडून बघू नका. नदीवरचा विक्रम आणि तलावावरचा विक्रम यांचे तक्ते वेगळे ठेवा. जागा कुठलीही निवडा, तिथं उतरायची परवानगी हातात हवी आणि बंधाऱ्यापासून चांगलं लांब राहायला हवं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि त्यात सापडलेला चांगला पोहणारासुद्धा बाहेर येत नाही.

महिन्यातला एक रविवार वेळ-चाचणीचा ठरवा, सकाळी वारा सुटायच्या आत. एवढं झालं की निम्मं काम झालं.

नोंदवही

जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली साधी वही घ्या. रकाने असे: तारीख, नाव, वयोगट, होडीचा प्रकार, अंतर, वेळ, पाण्याची स्थिती, वारा, वेळ घेणाऱ्याची सही. होडीच्या रकान्यात हयगय नको. शर्यतीची के-1 जास्तीत जास्त 5.20 मीटर लांब आणि कमीत कमी 12 किलो वजनाची असते, अरुंद आणि डगमगती. सहलीची प्लॅस्टिकची कयाक तिच्या दुप्पट वजनाची, रुंद आणि संथ. एकाच तक्त्यात दोन्ही घातल्या तर ज्याला क्लबची चांगली होडी मिळते तो दरवेळी वर, बाकीचे खाली. आणि चांगली होडी कुणाला मिळते हा प्रश्न क्लबमध्ये आधीच नाजूक असतो.

वही नदीकाठच्या शेडमध्ये राहणार असेल तर दर महिन्याला पानांचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मे संपायच्या आत वही गावातल्या घरात हलवा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी हे कोल्हापूरकराला पाठ असतं, पण पाणी चढायला लागलं की आधी होड्या आठवतात, वही आठवत नाही.

पदकाच्या आधीच्या पायऱ्या

नवा सभासद पहिल्या वर्षी पदक आणत नाही. तो किंवा ती जे आणते ते बघायला शिका. आपल्या क्लबची एक यादी करा आणि ती भिंतीवर लावा. मी सुचवेन ती अशी: लाइफ जॅकेट घालून, अंगावरच्या कपड्यांनिशी 50 मीटर पोहणं. होडी मुद्दाम उलटवून, न घाबरता कॉकपिटमधून (बसायच्या खाचेतून) बाहेर येणं आणि होडी व वल्हं दोन्ही न सोडणं. दुसऱ्याच्या होडीचा आधार घेऊन खोल पाण्यात परत चढणं. स्वतः तसा आधार देणं. शर्यतीच्या के-1 मध्ये न पडता एक किलोमीटर. पालथ्या होडीतून वल्ह्याच्या एका झटक्यात सरळ होणं.

यातलं पहिल्यांदा उलटणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दहा वर्षांचं पोर पाण्याखाली डोकं असताना स्प्रे स्कर्टची (कंबरेभोवतीच्या, होडीत पाणी शिरू न देणाऱ्या आवरणाची) दोरी शोधतं, ओढतं, वर येतं, खोकतं आणि हसतं. काठावर आई उभी असेल तर तिचा जीव गेलेला असतो. त्याच वेळी प्रशिक्षकानं मोठ्यानं सांगायला हवं, "दोरी तुझी तूच शोधलीस, कुणी हात लावला नाही. बास, आता तू कयाकवाला." त्याच संध्याकाळी वहीत नाव आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर जॅकेटवर शिवायचा छोटा बिल्ला. महिनाभरानं कार्यक्रमात दिला तर त्याची निम्मी गोडी जाते.

प्रगती मोजताना एक पेच येतो. समजा नवखा मुलगा 500 मीटरला 4 मिनिटं 10 सेकंदांवरून 3:30 वर आला आणि अनुभवी मुलगी 2:20 वरून 2:16 वर. पहिल्यात 16 टक्के सुधारणा, दुसऱ्यात तीन टक्केही नाही. पण ते शेवटचे चार सेकंद काढायला तिला आख्खा हंगाम लागलेला असतो. दोघांना एका पुरस्कारासाठी झुंजवू नका. पहिल्या वर्षातली प्रगती वेगळी, वैयक्तिक सर्वोत्तम वेळ वेगळी. दोन्ही नावं लिहायला वहीत जागा आहे.

अपंगत्व असलेले सभासद असतील तर त्यांना "प्रेरणादायी" म्हणून हार घालून बाजूला बसवू नका. पॅराकॅनूत वर्ग ठरलेले असतात. कयाकमध्ये केएल-1 ते केएल-3, शरीराचा कुठला भाग वल्हवायला किती उपयोगी पडतो त्यावर. प्राची यादवनं 2023 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत केएल-2 मध्ये सुवर्ण मिळवलं ते घड्याळावरच्या वेळेनं मिळवलं. तुमच्या सभासदाचीही वेळ घ्या, वर्ग लिहा आणि त्याचा विक्रम तक्त्यात चढवा.

काठावरची माणसं

पहाटे सुरक्षा बोट बाहेर काढणारा. फायबर फाटलं की रेझिन लावून रात्रीत होडी जोडणारा. टपावर होड्या बांधून स्पर्धेला नेणारा चालक. केंदाळ काढायला उतरलेली पोरं. जॅकेटं धुऊन वाळवणाऱ्या मावशी. यांचा उल्लेख आपल्याकडं आभारप्रदर्शनात होतो, तोही लोक खुर्च्यांवरून उठत असताना. तो कार्यक्रमाच्या सुरुवातीला घ्या आणि कामाचं नाव घेऊन घ्या. "यांचं मोलाचं सहकार्य लाभलं" हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. "यंदा फाटलेल्या सगळ्या होड्या यांनी जोडल्या, आणि आज पाण्यावर असलेली लाल के-2 त्यांच्याच हातची आहे" असं म्हटलं की लोक वळून त्या होडीकडं बघतात.

ज्याचं कौतुक करायचं नाही ते

इथं मी आग्रही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर आली की कुणी ना कुणी त्या पाण्यात होडी घालतो, व्हिडिओ काढतो आणि क्लबच्या ग्रुपवर टाकतो. पोरं "नाद खुळा" लिहितात. पदाधिकाऱ्यानं तिथं अंगठासुद्धा दाखवायचा नाही. व्हिडिओ ग्रुपवरून हटवायला लावा आणि त्या सभासदाशी समोर बसून बोला. क्लबनं त्या धाडसाला एकदा टाळी दिली की पुढच्या पुरात चौदा वर्षांचं पोर तेच करणार, आणि पुरात झाडं, तारा, कुंपणं पाण्याखाली असतात. होडी त्यात अडकली की कसब चालत नाही.

उलट, ज्यानं "आज उतरायचं नाही" असं ठरवून सगळ्यांना काठावरून परत नेलं त्याची नोंद वहीत करा. त्याच्या निर्णयाचा फोटो निघत नाही, म्हणून तो लिहूनच ठेवावा लागतो. आणि 2019 किंवा 2021 सारख्या महापुरात प्रशासनाच्या पथकाबरोबर राहून बचावकार्यात मदत केलेले सभासद असतील तर त्यांचा सन्मान जरूर करा, मात्र खेळातल्या पुरस्कारांत मिसळू नका. ते वेगळं काम आहे, वेगळ्या शिस्तीचं.

निवड कोण करणार

तिघांची समिती पुरे. प्रशिक्षक एक, खेळाडूंनी निवडलेला सभासद एक आणि वर्गणीदार पालक एक. ज्याचं मूल किंवा नातेवाईक यादीत आहे त्यानं त्या नावापुरतं उठून बाहेर जायचं. कोल्हापुरात सगळेच कुणाचे ना कुणाचे पाव्हणे निघतात, त्यामुळं हा नियम आधी लिहून ठेवलेला बरा. पुरस्कार पाचच्या वर नेऊ नका.

तीन ओळी लिहायला शिका

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. मंचावरून वाचायचा आणि प्रशस्तिपत्रावर छापायचा मजकूर एकच असतो. साधारण असा छापला जातो:

"कु. ... हिने कयाकिंग या क्रीडा प्रकारात उत्तुंग यश संपादन करून क्लबचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल तिचा हार्दिक सत्कार."

यात तिचं काहीच नाही. नाव बदला, खेळ बदला, कुणालाही द्या. आता हा वाचा:

"कु. ... हिने यंदाच्या हंगामात के-1 मध्ये 500 मीटरची वेळ 2:20 वरून 2:16 वर आणली. हा क्लबच्या 16 वर्षांखालील मुलींच्या गटातला विक्रम आहे. डाव्या बाजूचं वल्हं पाण्यात उशिरा जायचं, ते तिनं दिवाळीपासून रोज आरशासमोर बसून दुरुस्त केलं."

दुसरा मजकूर ती सांभाळून ठेवील, कारण तिच्याशिवाय तो कुणाचाच नाही. लिहिण्याआधी प्रशिक्षकाला एवढंच विचारा: हंगामाच्या सुरुवातीला हिला काय जमत नव्हतं? उत्तरातून तिसरी ओळ निघते. "उत्तुंग", "देदीप्यमान", "दैदीप्यमान" (दोन्ही प्रकारे लिहिलेलं दिसतं) हे शब्द दिसले की खोडा.

काय द्यायचं, केव्हा द्यायचं

वर्षाच्या कार्यक्रमाला खंडेनवमीची सकाळ मला सगळ्यात योग्य वाटते. घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा असते, पाऊस ओसरलेला असतो आणि नवा हंगाम तोंडावर असतो. होड्या धुऊन ओळीनं मांडा, वल्ह्यांना झेंडूची फुलं बांधा, हळद-कुंकू लावा आणि तिथंच काठावर, होड्यांच्या मध्ये उभं राहून पुरस्कार द्या. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यामुळं लांबण लावू नका. तासाभरात आटपा आणि मिसळीला चला.

पैलवानाला गदा मिळते, कारण ती त्याच्या खेळाची आहे. आपलं वल्हं आहे. पात्याला तडा गेल्यानं बाद झालेलं एखादं लाकडी वल्हं सुताराकडून घासून घ्या, पॉलिश करा आणि त्याच्या दांड्यावर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव आणि साल रंगवून घ्या. हे फिरतं वल्हं विजेत्याच्या घरी वर्षभर राहतं. बाकी बक्षिसांत वापरात येणारी वस्तू द्या: पाणी न शिरणारी पिशवी, शिट्टी, हातमोजे, चांगलं लाइफ जॅकेट. प्लॅस्टिकचे सोनेरी चषक घरात माळ्यावर जातात.

फेटा जरूर बांधा. पण मुलींनाही बांधा, आणि तो पाहुण्यांच्या आधी खेळाडूला बांधा. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर जिल्ह्यातला एखादा जुना खेळाडू बोलवा, पोहणारा असो नाहीतर नेमबाज. सरावाच्या एकटेपणाबद्दल त्यांना बोलायला लागतं तेव्हा पोरं ऐकतात. भाषणांना मिळून दहा मिनिटं.

कागद आणि बातमी

क्लबचं प्रशस्तिपत्र आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र यांची गल्लत होऊ देऊ नका. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं क्रीडा विभागाकडून तपासली जातात. आपल्या पत्रावर "क्लबांतर्गत सन्मान" असं स्पष्ट छापा. "राज्यस्तरीय" हा शब्द शोभेसाठी वापरू नका. पोराला पुढं त्याचाच त्रास होतो. नावात "राष्ट्रीय" किंवा "आंतरराष्ट्रीय" लावलेल्या खासगी स्पर्धाही असतात. ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का हे आधी विचारा, मगच अभिनंदनाचा फलक लावा.

वृत्तपत्राला पाठवायच्या बातमीत स्पर्धेचं नाव, ठिकाण, गट, होडी, अंतर, क्रमांक आणि किती होड्या उतरल्या होत्या ते लिहा. "सहभाग" असेल तर सहभागच लिहा. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरणं हीच मोठी गोष्ट आहे, तिला पदकाचा मुलामा लावायची गरज नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठंही टाकू नका, आणि ओल्या सरावाच्या कपड्यातला फोटो संमती असली तरी आधी त्या मुलीला दाखवा. ती नको म्हणाली तर दुसरा.

नाराजी आली तर

येणारच. कुणाच्या तरी बाबांचा रात्री फोन येतो, "आमच्या पोराचं नाव कसं नाही?" फोनवर वाद घालू नका. रविवारी काठावर बोलवा, वही उघडा, पोराचं पान दाखवा. बहुतेक वेळा बाबांना त्या पानावरच्या अर्ध्या गोष्टी माहीत नसतात, आणि तिथंच बोलण्याचा सूर बदलतो. पोरालाही सोबत बसवा आणि पुढच्या हंगामात काय पकडायचं ते त्याच्यासमोर ठरवा.

आणि चूक आपलीच निघाली, वेळ लिहायची राहिली किंवा दुसऱ्याच्या नावावर पडली, तर दुरुस्ती कानात सांगून भागवू नका. ज्या ठिकाणी चुकीचं नाव वाचलं होतं तिथंच, तेवढ्याच लोकांसमोर, पुढच्या रविवारी बरोबर नाव वाचा. वहीत जुनी ओळ खोडरबरानं पुसू नका. तिच्यावर एक रेघ मारा, खाली बरोबर नोंद लिहा आणि तिघांनी सह्या करा.